कामावरून कमी केलेल्या कामगाराचा अर्ज : पुरा आणि अपुरा

महिन्याच्या पगारावर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या घरी नोकरी गेल्याची बातमी एखाद्या दुखण्यासारखी येते. वाण्याची उधारी, मुलांची फी, खोलीचे भाडे आणि गावाकडे पाठवावयाची रक्कम या साऱ्यांचा हिशेब एका दिवसात कोलमडतो. म्हणूनच कामगाराला नोकरीवरून दूर करण्याच्या मालकाच्या अधिकारावर कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. कारण सबळ असावे, आरोप असल्यास तो लेखी कळवावा, कामगारास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी आणि शिक्षा अपराधाच्या मानाने असावी, ही त्यांतील प्रमुख तत्त्वे होत. ती डावलून कोणास कामावरून कमी केले, तर त्याविरुद्ध दाद मागता येते.

तथापि दाद मागण्याचा आरंभ एका कागदापासून होतो. तो कागद म्हणजे कामगाराचा अर्ज. अर्ज अपुरा राहिला तर खरी तक्रारही लंगडी पडते आणि मिळणारा न्याय अर्धा मिळतो, किंवा फार उशिरा मिळतो. अर्ज नीट लिहिणे हे वकिलाचे काम आहे, असा एक समज आढळतो. परंतु समेट अधिकाऱ्यापुढील कार्यवाहीत वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क कोणत्याही पक्षास नाही. त्यामुळे पहिला अर्ज बहुधा कामगार स्वतः लिहितो, नाहीतर युनियनचा कार्यकर्ता किंवा शेजारचा शिकलेला मुलगा लिहून देतो. पुढे प्रकरण वरच्या पायरीवर गेले की, उलटतपासणीत याच पहिल्या अर्जाकडे बोट दाखविले जाते. यास्तव अर्जात काय असावे आणि काय राहून जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चार ओळींचा अर्ज

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका लहान यंत्रकारखान्यात एक कामगार सहा वर्षे लेथवर काम करीत होता. एके दिवशी सकाळी त्याला दारावरच अडविण्यात आले. "उद्यापासून येऊ नका," एवढेच रखवालदाराने सांगितले. हाती कागद नाही, कारण नाही, हिशेबही नाही. चार महिने तो दुसऱ्या कामाच्या शोधात फिरला आणि मग कामगार कार्यालयात त्याने असा अर्ज दिला :

"मी सदर कंपनीत अनेक वर्षे प्रामाणिकपणे काम केले आहे. मला काहीही कारण नसताना कामावरून काढून टाकले आहे. मी गरीब माणूस असून माझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे. तरी मला न्याय मिळावा, ही नम्र विनंती."

या अर्जातील प्रत्येक वाक्य खरे आहे. परंतु त्यात कामाला लागल्याची तारीख नाही, काढल्याची तारीख नाही, हुद्दा नाही आणि पगाराचा आकडा नाही. कोणी काढले, कोणत्या शब्दांत काढले, त्यानंतर कामगाराने काय केले, याचा उल्लेख नाही. न्याय म्हणजे नेमके काय हवे, तेही लिहिलेले नाही.

मालकाचे उत्तर यावयाचे ते साधारणपणे असे येते : सदर इसम आमच्या नोकरीत नव्हता, तो कंत्राटदाराचा माणूस होता, त्याने वर्षभर सलग काम केलेले नाही, आणि त्याला कोणी काढलेले नाही, तो स्वतःहून यावयाचा बंद झाला. या तीन वाक्यांनी अर्जातील तीन मोकळ्या जागा बरोबर हेरल्या आहेत. नोकरीचे नाते, सेवेचा काळ आणि सेवासमाप्तीची घटना या तिन्हींविषयी अर्ज मुका असल्यामुळे कामगाराला जे पहिल्याच दिवशी सांगता आले असते, ते आता बचावाखातर सांगावे लागते. मागाहून सांगितलेली हकीकत खरी असली तरी मागाहून सुचलेली वाटते.

हक्काची वाटचाल

एकट्या कामगाराला स्वतःच्या नावाने दाद मागता येणे ही गोष्ट आज सहज वाटते. ती तशी नव्हती. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ साली अंमलात आला, तेव्हा औद्योगिक विवाद म्हणजे सामुदायिक विवाद, अशी समजूत रूढ होती. एका कामगाराला काढले असता त्याची बाजू युनियनने किंवा पुरेशा संख्येच्या सहकाऱ्यांनी उचलून धरल्याखेरीज त्याचे गाऱ्हाणे विवाद ठरत नसे. १९६५ साली या कायद्यात कलम २-अ घालण्यात आले आणि बडतर्फी, सेवामुक्ती, कपात किंवा अन्य प्रकारची सेवासमाप्ती याविषयी एकट्या कामगाराचा तंटा हाही औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. १९७१ साली आलेल्या कलम ११-अ ने आणखी एक पाऊल टाकले. शिक्षा योग्य होती की नाही हे पाहून ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला.

तरीही शासनाने प्रकरण न्यायनिर्णयासाठी सोपविल्याशिवाय न्यायालयाचे दार उघडत नसे. ही अडचण २०१० च्या दुरुस्तीने दूर झाली. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यापासून ४५ दिवस उलटल्यावर कामगाराला थेट कामगार न्यायालयाकडे जाण्याची मुभा मिळाली. त्यासाठी सेवासमाप्तीपासून तीन वर्षांची मुदत होती.

मुंबई इलाख्यात व पुढे महाराष्ट्रात या केंद्रीय कायद्याच्या जोडीला स्वतंत्र कायदेही झाले. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ हा गिरणी कामगारांच्या चांगला परिचयाचा होता. त्यात बडतर्फ कामगाराने आधी मालकाकडे रीतसर विनंती करणे आवश्यक असे. कामगारांच्या बोलण्यात त्याला 'अ‍ॅप्रोच लेटर' म्हणत. हे पत्र न देता थेट न्यायालयात गेलेला अर्ज टिकत नसे. गाऱ्हाणे खरे असूनही एका पत्राअभावी प्रकरण अडावे, याचे हे ठळक उदाहरण होय. त्यानंतर कामगार संघटनांची मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा महाराष्ट्राचा अधिनियम १९७१ साली संमत झाला व ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. सूडबुद्धीने, खोट्या आरोपांवरून, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पायदळी तुडवून किंवा किरकोळ चुकीसाठी धक्कादायक शिक्षा देऊन कामगारास काढणे ही त्याने अनुचित प्रथा ठरविली. तक्रार ९० दिवसांच्या आत करावी, अशी अट त्यात घालण्यात आली. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ करण्याची तरतूदही ठेवण्यात आली. एकाच गाऱ्हाण्यासाठी केंद्रीय कायदा आणि हा कायदा अशा दोन्ही वाटांनी जाण्यास मात्र त्याने मज्जाव केला.

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ च्या केंद्रीय कायद्याची जागा तिने घेतली. एकट्या कामगाराचा हक्क तिच्या कलम ४ मध्ये कायम आहे. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा आणि ४५ दिवसांनंतर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते, हा क्रमही तोच आहे. मुदत मात्र तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. जुन्या माहितीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी हा बदल विशेष ध्यानात घ्यावा.

मुदत कशी मोजावी

मुदतीच्या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. दोन वर्षे समेटाची बोलणी संपल्यापासून मोजावयाची, हा पहिला. कायद्याप्रमाणे ती सेवासमाप्तीच्या दिवसापासून मोजली जातात. उदाहरणार्थ, १ डिसेंबर २०२५ रोजी कामावरून कमी केलेल्या कामगाराचा अर्ज नोव्हेंबर २०२७ संपण्यापूर्वी न्यायाधिकरणात दाखल व्हावयास हवा. त्यापूर्वी समेट अधिकाऱ्याकडील अर्जाला ४५ दिवस झालेले असले पाहिजेत. म्हणजे तो पहिला अर्ज कितीही उशीर झाला तरी ऑक्टोबर २०२७ च्या मध्यापूर्वी पोचला पाहिजे. इतके थांबावे असा याचा अर्थ नव्हे. साक्षीदार नोकरी सोडून जातात, हजेरीची पुस्तके गहाळ होतात, आणि जितका उशीर तितका मागील पगाराचा दावा दुबळा होतो.

साहेबांनी "बघू, पुढच्या महिन्यात या" असे म्हटले म्हणजे मुदत थांबते, हा दुसरा गैरसमज होय. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही. आश्वासन मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे, परंतु अर्जही द्यावा. तडजोड झाली तर अर्ज मागे घेता येतो. मुदत गेली तर ती परत आणता येत नाही.

अर्ज कोणत्या दारी

अर्जातील मजकूर पुरा असला तरी तो चुकीच्या दारी गेला, तर पुष्कळ काळ फुकट जातो. कायद्याच्या अर्थाने अर्जदार 'कामगार' आहे काय, हा पहिला प्रश्न. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे या व्याख्येत येत नाहीत. देखरेखीचे काम करणाऱ्याचे वेतन दरमहा १८,००० रुपयांहून अधिक असेल तर तोही येत नाही. मात्र हुद्द्याच्या नावावरून हे ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. कागदोपत्री 'सुपरवायझर' म्हणविला जाणारा मनुष्य दिवसभर यंत्रावरच काम करीत असेल, तर अर्जात त्याने आपल्या रोजच्या कामाचे वर्णन करावे. हे वर्णन नसणे ही एक नेहमीची उणीव आहे.

शिक्षकांची वाट वेगळी आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की, शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हेत. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ च्या अधिनियमान्वये शाळा न्यायाधिकरण आहे आणि तेथे अपिलाची मुदत अवघी ३० दिवसांची आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. बँका, रेल्वे, विमा, खाणी व मोठी बंदरे यांतील कामगारांचे विवाद केंद्रीय कामगार यंत्रणेकडे जातात, इतर बहुतेक कारखाने व आस्थापना राज्याच्या यंत्रणेकडे. शंका असल्यास जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात प्रथम चौकशी करावी आणि मगच अर्ज द्यावा. चुकीच्या कार्यालयात पडून राहिलेल्या अर्जामुळे योग्य कार्यालयातील मुदत वाढत नाही.

अर्जात काय असावे

पुऱ्या अर्जाला अलंकारिक भाषा लागत नाही. पुढील बाबी क्रमाने आल्या म्हणजे पुरे.

(१) अर्जदाराचे पूर्ण नाव, पत्ता, हुद्दा, हजेरी क्रमांक असल्यास तो, आणि शेवटचे मासिक वेतन.

(२) मालकाचे किंवा आस्थापनेचे अचूक नाव व पत्ता. फलकावर एक नाव आणि पगारपत्रकावर दुसरे असेल तर दोन्ही लिहावीत. कंत्राटदारामार्फत काम असेल तर कंत्राटदार आणि मूळ मालक या दोघांनाही पक्षकार करावे. केवळ एकालाच केल्यास तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि दुसरा न्यायाधिकरणापुढे नसतोच.

(३) कामाला लागल्याची तारीख, आणि मध्ये खंड दाखविले असल्यास त्यांचे कारण. दर काही महिन्यांनी एक-दोन दिवसांचा खंड देऊन पुन्हा कामावर घेण्याची पद्धत असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

(४) सेवासमाप्तीची तारीख व रीत. लेखी आदेश असेल तर त्याचा दिनांक, तोंडी काढले असेल तर कोणी, कोठे, किती वाजता, कोणासमक्ष.

(५) आरोप होता काय, आरोपपत्र मिळाले काय, चौकशी झाली काय. नोटीस व नुकसानभरपाई मिळाली काय.

(६) काढल्यानंतर कामगाराने काय केले. कामावर घेण्याची मागणी लेखी केली काय, आणि तिचे उत्तर काय आले.

(७) मागणी. पुन्हा कामावर घेणे, सेवेचे सातत्य आणि मागील काळाचे वेतन ही तीन्ही स्वतंत्रपणे लिहावीत.

यांतील सहावी बाब पुष्कळांकडून राहते. "तो स्वतःहून काम सोडून गेला" हा मालकाचा बचाव नित्याचा आहे. त्यावर सर्वांत परिणामकारक उत्तर म्हणजे काढल्यानंतर दोन-चार दिवसांतच पाठविलेले पत्र : "मी कामावर येण्यास तयार आहे, मला दारावर अडविण्यात आले आहे, मला कामावर घ्यावे." जो मनुष्य काम सोडून गेला तो असे पत्र लिहीत नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. पूर्वीची 'रजिस्टर' टपालाची सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. गैरहजेरीच्या कारणावरून नाव कमी केले असले तरी चौकशीची गरज संपत नाही. ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपेल, असा स्थायी आदेशातील नियम पुढे करून चौकशीवाचून काढणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले आहे.

दोनशे चाळीस दिवसांचा हिशेब

कपातीच्या प्रकरणात वर्षभराची सलग सेवा महत्त्वाची असते. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर कायदा ती एक वर्षाची सलग सेवा मानतो. अशा कामगारास कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते.

हे २४० दिवस कोणी सिद्ध करावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले की, ही जबाबदारी प्रथम कामगाराची आहे. नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. हा निर्णय रोजंदारी कामगारांना कठीण वाटला, कारण त्यांच्यापाशी नेमणूकपत्र नसते आणि हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो. २००५ सालच्या निर्णयात न्यायालयाने ही अडचण ओळखली. कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून आपली हकीकत सांगावी, आणि हजेरीपट, वेतनपुस्तक इत्यादी कागद मालकाने हजर करावेत अशी मागणी करावी, असा मार्ग त्यातून दिसतो. मागणीच केली नाही, तर कागद हजर न केल्याचा दोष मालकावर कसा यावा?

म्हणून अर्जाबरोबर जे हाती असेल ते जोडावे आणि जे हाती नाही त्याची यादी देऊन ते मागवावे. वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक, राज्य विमा योजनेचे ओळखपत्र, बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदी, प्रवेशपत्र, ओव्हरटाइमची चिठ्ठी, मोबाइलवर आलेला पाळीचा संदेश यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये. मूळ कागद आपल्याजवळ ठेवून छायाप्रती जोडाव्यात.

चौकशी झाली असेल तर

चौकशी करून बडतर्फ केलेल्या कामगाराच्या अर्जात "चौकशी अन्यायाची झाली" एवढेच वाक्य असते. ते निकालाचे वाक्य झाले, हकीकतीचे नव्हे. आरोपपत्राची प्रत दिली नाही, चौकशीची सूचना वेळेवर मिळाली नाही, कामगाराला न समजणाऱ्या भाषेत कामकाज झाले, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ दिली नाही, बचावाचा साक्षीदार नाकारला, यांपैकी जे घडले ते तारखेसह लिहावे. चौकशी न्याय्य झाली की नाही हा मुद्दा बहुधा प्रथम ठरविला जातो. तो ठरण्यासाठी लागणारी हकीकत अर्जातच असावी लागते.

चौकशी नियमाने झाली असे ठरले तरी दार बंद होत नाही. शिक्षा आरोपाच्या मानाने फार कठोर आहे, हा मुद्दा उरतो. त्यासाठी आधीची सेवा निष्कलंक असल्यास तसे नमूद करावे. हा मुद्दा पर्यायी म्हणून मांडल्याने आरोप कबूल केल्यासारखे होत नाही. या भीतीने कित्येक जण तो लिहीतच नाहीत.

राहून जाणारे एक वाक्य

सर्वांत महाग पडणारी उणीव एका वाक्याची आहे. काढल्यापासून अर्जदार बेकार आहे किंवा पूर्वीपेक्षा कमी मिळकतीचे काम करीत आहे, हे ते वाक्य. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली यासंबंधी महत्त्वाचा निर्णय दिला. सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरली असता सेवेच्या सातत्यासह व मागील वेतनासह पुन्हा कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम होय, असे न्यायालयाने म्हटले. परंतु ज्यास मागील वेतन हवे आहे त्याने आपण कोठेही लाभदायक नोकरीत नव्हतो, किंवा कमी वेतनावर होतो, असे पहिल्या न्यायालयापुढे लेखी किंवा निदान निवेदनाद्वारे सांगितले पाहिजे. एकदा ते सांगितले की, तो दुसरीकडे कमावीत होता हे दाखविण्याचा भार मालकावर जातो.

प्रकरण पाच-सहा वर्षे चालले तर मागील वेतनाची रक्कम कामगाराच्या आयुष्याला आधार देईल एवढी होते. ती एका वाक्यावाचून धोक्यात यावी, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. पोटासाठी मधल्या काळात हमाली, रिक्षा किंवा शेतमजुरी केली असेल तर ती लपवू नये. खरी मिळकत सांगावी. लपविलेली मिळकत उघडकीस आली की, बाकीच्या खऱ्या हकीकतीवरचा विश्वासही उडतो.

तोच अर्ज, पुरा

आरंभी दिलेल्या काल्पनिक कामगाराचा अर्ज पुढीलप्रमाणे लिहिता आला असता :

"मी सदर कारखान्यात दिनांक अमुकपासून लेथचालक म्हणून सतत काम करीत होतो. माझे शेवटचे वेतन दरमहा अमुक रुपये होते. पहिल्या वर्षानंतर माझा पगार कंत्राटदाराच्या नावाने निघू लागला. परंतु काम त्याच यंत्रावर व कारखान्याच्याच फोरमनच्या देखरेखीखाली होते. दिनांक अमुक रोजी सकाळी सात वाजता रखवालदाराने, व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून, मला दारावर अडविले. त्या वेळी पाळीतील दोन सहकारी हजर होते. मला आरोपपत्र, नोटीस अथवा भरपाई मिळालेली नाही. दिनांक अमुक रोजी मी कामावर घेण्याविषयी स्पीड पोस्टाने पत्र पाठविले. त्याचे उत्तर आले नाही. तेव्हापासून मी बेकार असून अधूनमधून मिळणाऱ्या मजुरीवर राहतो. गेल्या सहा वर्षांचा हजेरीपट व वेतनपुस्तक हजर करण्याविषयी कारखाना व कंत्राटदार यांना आदेश व्हावा. मला सेवेच्या सातत्यासह व मागील वेतनासह पुन्हा कामावर घेण्यात यावे."

यात एकही अवघड शब्द नाही. गरिबीचा उल्लेखही नाही; परंतु मालकाच्या तिन्ही बचावांना उत्तर आहे. अर्जाला खाली तारीख व सही असावी, प्रत आपल्याजवळ असावी आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. ४५ दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे, हे त्या शिक्क्यावरून ठरते.

उणीव राहिलीच तर

अपुरा अर्ज दिला गेला म्हणजे सर्व संपले, असे समजण्याचे कारण नाही. कामगार कायद्यांखालील न्यायपीठे तांत्रिक दोषापेक्षा वादाच्या मुळाकडे पाहतात. पत्ता, हुद्दा, तारीख यांची चूक दुरुस्त करून घेता येते. राहिलेला पक्षकार सामील करण्याची विनंती करता येते. राहिलेली हकीकत पूरक निवेदनाने मांडता येते. मात्र ही दुरुस्ती उणीव लक्षात येताच करावी. मालकाची कैफियत येऊन, साक्षी सुरू झाल्यावर केलेली दुरुस्ती संशयाने पाहिली जाते. ती कार्यालयात तोंडी सांगून भागत नाही. लेखीच द्यावी लागते.

दुसरी काळजी तारखांची. अर्ज पुरा आहे, पण अर्जदार तारखांना हजर नाही, या कारणानेही प्रकरणे निकालात निघतात. कामधंद्यासाठी गाव बदलले तर नवा पत्ता कार्यालयास लेखी कळवावा. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस न मिळाल्याची सबब प्रत्येक वेळी चालतेच असे नाही.

मदत कोठे मिळेल

पैशाअभावी सल्ला मिळाला नाही, ही अडचण कायद्याने ओळखली आहे. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये औद्योगिक कामगार मोफत विधि साहाय्यास पात्र आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींतील व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी केल्यास सापडते. अर्ज दाखल करण्यापूर्वीच हा सल्ला घेणे इष्ट, कारण तेव्हा उणीव भरून काढण्यास वेळ असतो. युनियनच्या कार्यकर्त्यांनीही सभासदांना नोकरीत असतानाच वेतनचिठ्ठ्या व हजेरीच्या नोंदी जपून ठेवण्याची सवय लावावी. दारावर अडविल्यावर आतल्या कपाटातील कागद मिळत नाहीत.

नोकरी देणे व ती काढून घेणे या दोन्ही गोष्टी मालकाच्या हाती असल्या तरी आपली हकीकत पूर्ण सांगणे कामगाराच्या हाती असते. समेट अधिकारी आणि न्यायाधिकरण यांना कारखान्याच्या दाराशी त्या सकाळी काय घडले, ते अर्जावाचून कळण्याचा मार्ग नाही. ते तारखांसह, नावांसह आणि मागणीसह सांगितले गेले, तर कायद्याने दिलेला हक्क कामगाराच्या घरापर्यंत पोचण्याची वाट मोकळी होते.